मामाजींनी धरलेले चार सूर

लग्न होऊन मी देवळीला आले आणि थोड्याच दिवसांत सासूबाईंनी चहा गाळता गाळता मला सांगून टाकलं, "तुया मामाजीले काई सांगाचं असलं तं मले सांगत जा. मी सांगतो त्यायले." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'मी सांगतो, मी जातो' असंच म्हणतात. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांचा काही धाक नव्हता, ते रागीटही नव्हते. सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत होती, इतकंच. मी वर्ध्याची. माझ्या माहेरी असलं काही नव्हतं. पण नवीन घर म्हटलं की माणूस आधी रीत शिकतो आणि मग बाकीचं. मीही शिकले. पुढे वीसेक वर्षं ती मोडायची गरजच पडली नाही.

आमचं भांड्यांचं दुकान आहे. खाली दुकान, मागे गोदाम, वर आम्ही. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मामाजी दुकानात बसत नाहीत, माझा नवरा बसतो. मामाजी वर मधल्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत. मी चहा स्टुलावर ठेवायचे, ते पेपरची घडी घालून बाजूला ठेवायचे. ती घडी म्हणजे 'आणलास का, बरं' असं मी समजायचे. आमच्यात वाईट काही नव्हतं. बोलणंच नव्हतं.

लग्नाआधी मी सतार शिकले होते. गुरुजी कडक आणि चांगले होते. गती पाठ, ताना पाठ, शेवटचा वेगवान 'झाला'ही पाठ. कधी एखादा सूर मनानं लावला की ते हात वर करून थांबवायचे. "उपज नंतर. आधी हे पक्कं कर." उपज म्हणजे जागच्या जागी सुचलेलं वाजवणं. मला त्याचीच ओढ होती. ती यायच्या आत माझं लग्न ठरलं. सतार माहेरी राहिली आणि पुढे भावाच्या मुलीकडे गेली. तिला ती आवडली, म्हणून मी परत मागितली नाही.

मग माझी मुलगी नागपूरला शिकायला गेली आणि तिची गिटार घरी राहिली. तिनं हौसेनं घेतली होती आणि दोन गाण्यांनंतर कपाटाच्या बाजूला उभी करून ठेवली होती. दुपारी दुकानात गर्दी नसते, घरात सगळे आडवे झालेले असतात. त्या वेळात मी ती पुसायला म्हणून घ्यायचे आणि छेडत बसायचे. सतारीची सवय असलेल्या बोटांना गिटारच्या तारा सरळ वाटतात, ओढल्या तरी फारशा येत नाहीत. तरी तार ती तार.

एका दुपारी फोनवर मी कोणाचंतरी वादन ऐकत होते. चित्र दिसत नव्हतं, फोन पालथा ठेवून मी गहू निवडत होते. मला वाटलं, दोन माणसं वाजवताहेत. एक खाली सावकाश उतरतोय, दुसरा वर त्याच्याशी काहीतरी वेगळंच बोलतोय, आणि दोघांचं भांडण होत नाही. फोन उलटा केला तर एकच माणूस. मांडीवर अर्ध्या भोपळ्यासारख्या पोटाचं एक जुनं युरोपातलं वाद्य, ल्यूट म्हणतात त्याला. मी तो तुकडा परत लावला. परत दोन माणसं ऐकू आली.

तो वाजवणारा मूळचा गोव्याचा होता. युरोपात राहून शिकून आलेला, आता घरूनच फोनवर शिकवायचा. व्हिडिओखाली त्याचा नंबर होता, त्यावर मी फोन लावला. वयानं माझ्याहून बराच लहान. मी त्याला सर म्हणायला लागले, तो मला ताई. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "हे लिहून ठेवलेलं वाजवता का?"

"नाही ताई," तो म्हणाला. "त्या काळात, बरोक म्हणतात त्या काळात, वाजवणाऱ्याच्या हातात पुष्कळदा फक्त खालची ओळ असायची. वरचं त्यानं तिथल्या तिथे करायचं. तुमच्याकडे उपज म्हणतात ना, तसंच. फक्त इथे दोन आवाज असतात, आणि दोघांनी एकमेकांचं ऐकत आपापलं बोलायचं असतं. याला काउंटरपॉइंट म्हणतात."

उपज हा शब्द त्याच्या तोंडून आला आणि मी त्याच दिवशी शिकायचं पक्कं केलं. नवऱ्याला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "शिक ना. पण दुपारी शिक, संध्याकाळी मला गिऱ्हाइकाचं ऐकू आलं पाहिजे."

सरांनी सुरुवातीला चारच सूर दिले. वरून खाली उतरणारे: सा, कोमल नी, कोमल ध, प. संपले की परत सा. हे गिटारच्या जाड तारांवर अंगठ्यानं वाजवत राहायचं आणि बाकीच्या बोटांनी वर काहीतरी करायचं. ऐकायला सोपं. करायला गेले तर अंगठा उतरला की बोटंही त्याच्यामागे उतरायची. बोटांना वर पाठवलं की अंगठा वाट विसरायचा. आयुष्यभर मी एका वेळी एकच सूर ऐकत आले होते, मागे तानपुरा असला तरी तो बिचारा जागचा हलत नाही. इथे खालचा माणूसही चालत होता.

म्हणून मी ते चार सूर फोनमध्ये भरून घेतले आणि त्यावर वाजवायला लागले. त्यात एक अडचण होती. मी थांबले तरी फोन थांबत नव्हता. मी चुकले तरी त्याला काही वाटत नव्हतं. सरांना सांगितलं तर ते हसले. "यंत्रासोबत नको. घरात कोणी आहे का, चार सूर धरायला?"

नवऱ्याला विचारलं. त्यानं गिटार हातात घेतली, एक तार ओढून पाहिली आणि परत दिली. "मला परात वाजवायला सांग," तो म्हणाला. "ती जमेल."

दुसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते. सासूबाई येऊन ओट्याला टेकल्या.

"ते म्हंतेत, चार सूर ते धरतीन."

"कोण ते?"

"तुये मामाजी. अजून कोन? त्यायचं मँडोलिन हाय गोदामात माळ्यावर. काढाले सांग पोराले."

त्यांच्याकडे मँडोलिन आहे, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही लहानपणी एकदा पाहिल्याचं अंधुक आठवत होतं. त्यानं शिडी लावली. कुकरच्या खोक्यांच्या मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेलं ते निघालं. तारा गंजलेल्या, तारा ज्याच्यावर टेकतात ती लाकडी घोडी गायब, आणि आत कोळ्यानं घर केलेलं. वर्ध्याला वाद्यांची दुरुस्ती करणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे नवरा घेऊन गेला. परत आलं तेव्हा मामाजींनी ते खुर्चीत बसून मांडीवर घेतलं आणि बराच वेळ नुसतं सुरात लावत बसले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आठ तारा, दोन-दोनच्या जोड्या. प्रत्येक जोडी अगदी एक होईपर्यंत त्यांनी सोडली नाही. तेव्हाच मला कळलं की या माणसाचा कान साधा नाही.

त्यांची गोष्ट मला पुढे त्यांच्याकडूनच कळली. तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवायचे. गणपतीच्या दिवसांत पुलगाव, नाचणगाव, हिंगणघाट असे फिरायचे, सिनेमाची गाणी वाजवायचे. मग त्यांच्या वडिलांना दुकानात माणूस हवा झाला. "मंग राह्यलं," ते म्हणाले. त्यात दुःख नव्हतं. दुकान त्यांना आवडलं होतं, असंही ते म्हणाले.

तर आमची पहिली बैठक मधल्या खोलीत झाली. मामाजी खुर्चीत, मी खाली सतरंजीवर, आणि दोघांच्या मध्ये दिवाणावर सासूबाई, पुढ्यात तुरीच्या शेंगांचं सूप. मामाजींनी जाड तारेवर चार सूर सुरू केले. मँडोलिनचा आवाज मुळात उंच, म्हणून मी गिटारवर अजून वर सरकले. दोन फेऱ्या झाल्या आणि मामाजी पुढे पळाले.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हणाले, "थोडं हळू म्हणावं."

सासूबाईंनी शेंग सोलता सोलता मान वळवली. "हळू वाजवा म्हंते."

मामाजी माझ्यापासून हातभर अंतरावर होते. "तिले सांग, मी हळूच वाजवून राह्यलो."

"ते हळूच वाजवून राह्यले."

"पण मध्येच घाई होतेय."

"मंधातच घाई होते म्हंते."

"कुठी?"

"कुठी, म्हंतेत."

मी ते कसं सांगायचं याचा विचार करेपर्यंत सासूबाईंनी स्वतःच निकाल दिला. "सगळीकडेच होते. मीच ऐकून राह्यली ना."

असं बरेच दिवस चाललं. सासूबाईंना यात मजा येत होती. शेजारच्या बाईला त्या सांगायच्या की, मी बसल्याशिवाय यांचं वाजत नाही. ते खरंही होतं.

मग वडनेरहून माझ्या नणंदेचा फोन आला. तिच्याकडे पापड-कुरडयांचा घाट घातला होता, मदतीला आई हवी होती. सासूबाई गेल्या. जाताना मला स्वयंपाकाबद्दल सगळं सांगून गेल्या, मामाजींच्या गोळ्या कुठे आहेत ते सांगून गेल्या. दुपारी कोण निरोप सांगणार, हे मात्र त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

त्या दुपारी मामाजींनी मँडोलिन घेतलं. मी गिटार घेतली. दिवाण रिकामा होता. चार सूर सुरू झाले, मी वर शिरले, आणि तिसऱ्या सुरावर त्यांनी नेहमीसारखी उडी मारली. मी थांबले. तेही थांबले. दोघंही बहुतेक दिवाणाकडेच बघत होतो.

"काऊन थांबली?" मामाजींनी विचारलं. मलाच विचारलं.

 चाळिशी ओलांडलेली बाई, लग्नाला आलेल्या मुलीची आई, आणि एक वाक्य बोलायला मला पदर सावरावा लागला. "मामाजी, धैवतावर घाई होते. तो सूर पुरता वाजत नाही, त्याच्याआधीच पंचम येतो."

 त्यांनी बोटानं तो सूर एकदा दाबून पाहिला. "होते. बोट आखडते तिथी. मंग हे इतके दिवस सांगतलं काऊन नाई?"

"सांगितलं होतं. आत्याबाईंकडून."

"तिनं धैवत नाई सांगतला. तिनं नुसतं हळू सांगतलं." मग ते हसले. मामाजींना असं हसताना मी गिऱ्हाइकांबरोबर पाहिलं होतं, माझ्यासमोर पहिल्यांदाच. "चाल, लाव परत."

सासूबाई परत येईपर्यंत आम्ही इतकं बोललो होतो की त्या दारातच थांबल्या. मामाजी मला म्हणत होते, "तुयं ते दुसरं बोट उचल ना लवकर," आणि मी म्हणत होते, "उचलते, पण तुम्ही थांबा तरी." सासूबाईंनी कुरडयांची पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, त्यांना आवडणार नाही. त्यांनी फक्त इतकं म्हटलं, "बरं झालं. माह्या डोक्याचा ताप गेला." आणि हातपाय धुवायला गेल्या.

आता सर आमचं दोघांचं ऐकायला लागले. फोन स्टुलावर, डब्याला टेकवून उभा. सर मामाजींना काका म्हणायचे. एकदा त्यांनी नवीन गोष्ट शिकवली. काकांनी सा वरून नी वर यायचं, पण ताईंनी वरचा ध सोडायचा नाही. खालचा नी आणि वरचा ध एकमेकांना टोचतात, ते टोचू द्यायचं. मग ताईंनी सावकाश प वर उतरायचं की गोड होतं. तोवर काका ध वर आलेले असतात, आता ताईंचा प टोचतो. पुन्हा धरून ठेवायचं, पुन्हा म वर उतरायचं. असं शेवटपर्यंत.

मला जमेना. बोटं करत होती, पण मामाजींचा सूर हलला की मी लगेच माझा सोडून द्यायचे. टोचायच्या आतच.

"ताई, तुम्ही दर वेळी त्यांना वाट करून देताय," सर म्हणाले. "ते सरकले तरी तुम्ही सरकू नका. जरा थांबा. कान दुखू द्या."

मी हो म्हटलं आणि परत तेच केलं. तेव्हा मामाजींनीच हात थांबवला.

"मी सरकलो म्हणून तू काऊन सरकते? तू राह्य ना तुया जागेवर. मी काय म्हणून राह्यलो का तुले, सरक म्हणून?"

ते सहज बोलले. मला मात्र ते कुठेतरी आत लागलं. त्या घरात आल्यापासून कोणी सरकायला सांगायच्या आत सरकणं, हाच मी चांगलेपणा समजत आले होते. पुढच्या फेरीला मामाजी नी वर आले आणि मी ध धरून राहिले. खरंच टोचलं. दात आवळले गेले. क्षणभर वाटलं, काहीतरी मोडेल. मग मी प वर उतरले आणि खोलीत कोणी खिडकी उघडावी तसं झालं. पुन्हा धरला, पुन्हा उतरले. सासूबाई दिवाणावरून म्हणाल्या, "हे बरं वाटते." त्यांनी आमच्या वाजवण्याला बरं म्हटल्याचं ते पहिलंच.

उन्हाळा आला तसा कूलर लागला. आमचा कूलर म्हणजे जुना लोखंडी, गोदामात सामान हलवल्यासारखा आवाज. मी बंद करायचे, मामाजी सुरू करायचे. मे महिन्यात वर्ध्याच्या बाजूला दुपारी कूलर बंद करून बसणं म्हणजे वेडेपणाच, ते मलाही कळत होतं. शेवटी मामाजींनी कान देऊन ऐकलं. "हा भी एक सूर धरूनच राह्यला," ते म्हणाले, आणि मँडोलिनच्या खुंट्या पिळून त्यांनी तारा कूलरला मिळवल्या. मीही मिळवल्या. त्या दिवसांत आमचा सा कूलरचा होता. लाइट गेली की सा जायचा आणि आम्ही घामेजून एकमेकांकडे बघत बसायचो.

पावसाळ्याच्या तोंडावर सरांनी जागा बदलायला सांगितल्या. गिटार मुळात खालच्या आवाजाची, तर आता ताईंनी खालचे सूर धरायचे आणि काकांनी वरचं सुचेल ते वाजवायचं. मामाजी खूश झाले. पण त्यांचा हात ऑर्केस्ट्रातला. मी खाली उतरले की तेही माझ्याबरोबर उतरायचे, तिथेच तार भराभरा छेडून सूर लांबवायचे. सिनेमाच्या गाण्यात मँडोलिन असंच वाजतं आणि छानही वाटतं.

"काका, तुम्ही ताईंच्या मागे मागे जाताय," सर म्हणाले.

"मंग कोनाच्या मागे जाऊ?"

"कोणाच्याच नाही."

मामाजींनी मँडोलिन पिशवीत घातलं. "हे आपल्यानं होत नाई," ते मला म्हणाले. "आपन आयुष्यभर गाणाऱ्याच्या मागेच वाजवलं." दुसऱ्या दिवशी ते बसले नाहीत. त्यानंतरच्याही दिवशी पेपर घेऊन खुर्चीत बसून राहिले. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, मी काहीतरी करावं म्हणून.

 समजूत घालायला गेले असते तर ते अजून आत गेले असते, एवढं त्यांना मी ओळखत होते. मी सतरंजीवर बसले आणि खालचे चार सूर वाजवत राहिले. वर काही नाही. नुसतेच चार सूर, पुन्हा पुन्हा, त्यांनी माझ्यासाठी महिनोन्महिने धरले होते तसे. पेपर बराच वेळ हलला नाही. मग त्याच्यामागून गुणगुणणं ऐकू आलं. मामाजींना ते कळलंही नसावं. आणि ते गुणगुणणं खाली येत नव्हतं. मी उतरत होते तसं ते वर चढत होतं, माझा पंचम आला तेव्हा ते वर जाऊन टेकलं आणि मग आम्ही दोघं सा वर भेटलो.

त्यांनी पेपर खाली केला. "हे चालन का?"

"हेच पाहिजे, मामाजी."

"मंग हाताले काऊन नाई सुचत?"

"आधी गुणगुणा. मग हाताला सांगा."

तेव्हापासून ते आधी तोंडानं वाट काढतात आणि मग तारेवर नेतात. पुष्कळदा दोन्ही एकदमच चालतं. सरांनी त्याला हरकत घेतली नाही.

सोयाबीन निघाल्यावर वडनेरला नणंदेच्या मुलीचा साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरला. नणंदेनं फोनवर सांगितलं, "बाबा आनं वहिनी वाजवतीन." मी घाबरले. मामाजी घाबरले नाहीत, निदान तसं दाखवलं नाही. मांडवात दोन खुर्च्या टाकल्या होत्या. माइकवाल्यानं आमच्या सुरांना इतका घुमारा दिला की पहिला सा विहिरीत पडल्यासारखा वाजला. नवऱ्यानं जाऊन तो कमी करवला.

मी चार सूर सुरू केले. मामाजी वर आले. पहिल्या काही फेऱ्या घरच्यासारख्या झाल्या. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला विचारत होती, "गाणं कवा सुरू होते?" ते मामाजींना ऐकू गेलं असावं. ते गडबडले. मी पंचमावर उतरत होते तेव्हा त्यांनी भलताच सूर धरला आणि त्याच्यावर अडकून राहिले. तार भराभरा छेडली जात होती, बोट हलत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पंचमावर गेलेच नाही. आयत्या वेळी त्यांच्या सुराखाली जो सूर बसेल तो लावला. मध्यम होता तो. एकदम वेगळंच काहीतरी उघडलं. मामाजींच्या भुवया वर गेल्या आणि ते तिथून चालायला लागले. मी आता चार सूर सोडूनच दिले होते. ते वर गेले की मी खाली जायचे, ते थांबले की मी हलायचे. एकदा मी टोचणारा सूर धरला आणि ते वाट बघत थांबले, मी उतरले तेव्हा त्यांनी मान डोलावली. कुठून कुठे जातोय ते दोघांनाही माहीत नव्हतं आणि भीती अजिबात वाटत नव्हती. शेवटी कसे कोण जाणे, दोघं सा वर आलो.

टाळ्या बेताच्याच पडल्या. एक म्हातारे पाहुणे मामाजींजवळ आले. "हे कोनतं गाणं म्हणाचं?"

"याले नाव नाई," मामाजी म्हणाले. "आताच झालं."

"एक बार अजून वाजवा ना मंग."

"आता तसं नाई येनार ते."

नणंदेचा चेहरा जरा उतरला होता. "मले वाटलं, जुनी गाणी वाजवसान," ती म्हणाली. मग मामाजींनी तिच्या लहानपणी वाजवायचे ते सिनेमाचं गाणं काढलं, आणि मी मुकाट्यानं मागे मागे वाजवलं. त्याला मांडव हलला. बायका गायल्या, नणंद रडली, माइकवाल्यानं परत घुमारा वाढवला. मलाही मजा आली. जेवायला गोळाभात आणि पाटोडीची भाजी होती. मामाजींनी दोनदा घेतली आणि सासूबाईंनी त्यांच्या ताटाकडे काणाडोळा केला.

सरांना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. फोनमध्ये भरून घेतलं का, त्यांनी विचारलं. कोणीच नव्हतं घेतलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "पुढचं शिकूया." गुरुजींची मला तेव्हा आठवण झाली. 'उपज नंतर' म्हणाले होते; ते 'नंतर' इतकं लांब असेल असं त्यांनाही वाटलं नसेल.

हल्ली आम्ही नक्कल शिकतोय. एकानं छोटीशी ओळ म्हणायची, दुसऱ्यानं तीच ओळ वरच्या किंवा खालच्या जागेवरून म्हणायची, आणि तोवर पहिल्यानं गप्प बसायचं नाही, पुढचं बोलत राहायचं. ओळ लहान हवी आणि ओळखू येईल अशी हवी. सर रोज नवीन ओळ शोधून आणायला सांगतात.

काल सकाळी आम्ही ओळ शोधतच बसलो होतो. खाली रस्त्यावर भाजीवाल्या बाईची हाक आली. "मेऽथी घ्या, पालऽक, सांबार घ्याऽ." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिची हाक 'मेथी'ला वर चढते, 'पालक'ला तिथेच रेंगाळते आणि 'सांबारा'ला पायऱ्या उतरते. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. त्यांनी ती जशीच्या तशी तारेवर काढली. मी तीच ओळ चार पायऱ्या खालून घेतली, आणि माझी 'मेथी' चढत होती तेव्हा त्यांचं 'सांबार' उतरत होतं. ते नीट बसलं. त्यांनी परत वरून सुरुवात केली.

खाली बाईनं पुन्हा हाक दिली, या वेळी आमच्या दाराशी थांबून. मामाजींनी तीही घेतली. ती वर खिडकीकडे बघत होती.

"काय करून राह्यले जी तुम्ही?" तिनं विचारलं. "घेता का नाई?"

"घेतो माय, थांब," सासूबाई म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन जिना उतरायला लागल्या. "यायचं चालू दे."